दुकानाच्या काचेआडची ट्राम

लहानपणी खेळण्यातली आगगाडी किती जणांनी मागितली होती? आणि जी मनात होती तीच किती जणांना मिळाली?

मी डोंबिवलीची. मला लोकल हवी होती. तीच, जी आमच्या गॅलरीतून दिवसभर दिसायची. बाबांनी गणपतीच्या सुट्टीत आणली ती काळ्या इंजिनाची गाडी. वर धुराचं नळकांडं, मागे दोन लाल डबे, बॅटरी घातली की गोल गोल फिरायची. छान होती, पण आमच्या घरासमोरून जाणाऱ्या गाडीशी तिचं काहीच नातं नव्हतं. शेवटी मी कागदाच्या पट्टीवर 'सीएसटी स्लो' लिहून ती इंजिनाच्या कपाळावर डिंकाने चिकटवली. ती दोन फेऱ्यांत गळून पडली.

पुढे कळलं की हे रडगाणं माझ्या एकटीचं नाही. मॉडेल रेल्वेचा छंद असणारी मंडळी जगभर आहेत आणि त्यांच्यातला एक मोठा गट कायम खट्टू असतो. कारण त्यांना राजधानी थाटाच्या एक्स्प्रेस नको असतात. त्यांना आपल्या शहरातली ट्राम हवी असते, आपली मेट्रो, आपली लोकल. कोणीतरी ती बनवावी म्हणून ते वर्षानुवर्षं वाट बघतात. कंपन्या मात्र दरवर्षी पुन्हा एक वाफेचं इंजिन काढतात.

गंमत म्हणजे ज्या माणसाने अमेरिकेच्या घराघरात विजेवरची खेळण्यातली गाडी नेली, त्याने बनवलेली पहिली प्रवासी गाडी ट्रामच होती. आज त्याचीच गोष्ट सांगते. जोशुआ लायनेल कॉवेन हे त्याचं नाव. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण हॉलिवूडच्या एखाद्या सिनेमात ख्रिसमस ट्रीखाली धावणारी छोटी आगगाडी तुम्ही नक्की पाहिली असेल. ते दृश्य अमेरिकेच्या डोक्यात पक्कं बसवण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

स्वयंपाकघरातला धडाका

25 ऑगस्ट 1877. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनमध्ये एका ज्यू कुटुंबात जोशुआचा जन्म झाला. आईवडील पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेले. नऊ भावंडं आणि हा आठवा. घरचं आडनाव कोहेन. पुढे 1910 मध्ये त्याने ते बदलून कॉवेन केलं.

सात वर्षांचा असताना त्याने लाकूड कोरून एक इंजिन बनवलं आणि त्याला छोटंसं वाफेचं यंत्र जोडलं, असं सांगतात. ते यंत्र फुटलं. स्वयंपाकघराची काय अवस्था झाली असेल आणि आईने पुढे काय केलं असेल, ते तुम्ही आपापल्या आईला डोळ्यासमोर आणून ठरवा.

अभ्यासात तो फार रमला नाही. कॉलेजात नाव घातलं, सोडलं. पुन्हा घातलं, पुन्हा सोडलं. डिग्री काही हातात पडली नाही. (हे वाचून लगेच घरी जाऊन घोषणा करू नका, पुढचंही वाचा!) तो दिव्यांच्या एका कारखान्यात बॅटरीवर चालणारे दिवे जोडायच्या कामाला लागला आणि कामावरून सुटल्यावर स्वतःचे प्रयोग करत बसायचा. 1899 मध्ये त्याने पहिलं पेटंट घेतलं. फोटोग्राफर त्या काळी प्रकाशासाठी एक पूड पेटवत. ती विजेने पेटवायचं हे साधन होतं. तेच तंत्र अमेरिकन नौदलाला आपल्या सुरुंगांसाठी उपयोगी वाटलं आणि बावीस वर्षांच्या या पोराला 12,000 डॉलरचं कंत्राट मिळालं.

बावीस. म्हणजे आत्ता माझं वय आहे तेवढं. मी या पानासाठी स्टायपेंडवर काम करतेय, ते जाऊ द्या.

विकायला नसलेली गाडी

त्या पैशातून 5 सप्टेंबर 1900 रोजी त्याने हॅरी ग्रँट या भागीदाराबरोबर कंपनी काढली आणि तिला आपलं मधलं नाव दिलं. लायनेल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. नाव झोकदार होतं, पण विकायचं काय हे नक्की नव्हतं. त्यांनी विजेवरचा छोटा पंखा बनवला. मोटर झकास फिरायची, वारा मात्र लागायचा नाही. पंखा पडला.

हाताशी उरली एक चांगली मोटर. कॉवेनने ती एका उघड्या लाकडी डब्याच्या पोटात बसवली, खाली चाकं लावली आणि गोल रुळांवर सोडली. मॅनहॅटनच्या कॉर्टलँड स्ट्रीटवर रॉबर्ट इंगरसोल यांचं दुकान होतं. 1901 च्या सुमारास ही फिरती गाडी त्या दुकानाच्या काचेआड लागली. तिचं काम एवढंच, की रस्त्यावरच्या माणसाने थांबावं, आत यावं आणि दुकानातला माल घ्यावा. गाडी म्हणजे चालतीबोलती जाहिरात. ती विकायला नव्हतीच.

माणसं थांबली. आतही आली. पण त्यांना दुकानातला माल नको होता, काचेआडची गाडी हवी होती. दुकानदाराने गाडी विकली आणि कॉवेनकडे आणखी मागवल्या.

इथे क्षणभर थांबा. कॉलेजच्या ई-सेलमध्ये स्टार्टअपवर जी भाषणं होतात, ती सगळी या एका प्रसंगात मावतात. ग्राहक काय मागतोय ते ऐका, म्हणतात ना? कॉवेनच्या बाबतीत ग्राहक असं काही मागत होता जे विकायचा कोणाचा विचारच नव्हता. कॉवेनचं मोठेपण असं की त्याने मान डोलावून जुन्या धंद्याकडे तोंड वळवलं नाही. त्याने पंखा सोडला आणि गाडी धरली.

पण उघड्या डब्याची गाडी किती दिवस चालणार? लोकांना ओळखीची गाडी हवी होती. आणि तेव्हाच्या न्यूयॉर्कमधल्या पोराच्या ओळखीची गाडी कोणती? रोज दारावरून जाणारी ट्राम! फ्रँक स्प्रेग या इंजिनिअरने 1888 मध्ये रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचं मोठं जाळं यशस्वी करून दाखवलं होतं आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या शहराशहरांत ट्राम पसरली होती. सामान्य माणसाच्या आयुष्यात वीज सगळ्यात मोठ्या आकारात दिसायची ती याच गाडीत. घरात दिवे तेलाचे किंवा गॅसचे, पण कामावर जायची गाडी विजेची.

मग लायनेलची ट्राम आली. तिचा पत्र्याचा सांगाडा कन्व्हर्स या दुसऱ्या खेळणी कंपनीकडून घेतलेला, मोटर कॉवेनची. तिच्या अंगावर सिटी हॉल पार्क असं नाव होतं, म्हणजे खऱ्याखुऱ्या मॅनहॅटनमधलं ठिकाण. 1902 च्या कॅटलॉगमध्ये ती दिमाखात उभी आहे. बहुतेक घरांत वीज नव्हती, म्हणून ती बॅटरीवर चाले. रूळ तब्बल 73 मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे सगळं मांडलं तर अर्धी खोली व्यापणारे.

आपल्याकडची आठवण इथे सांगायला हवी. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 मध्ये सुरू झाली आणि विजेची ट्राम 1907 मध्ये. म्हणजे न्यूयॉर्कमधली पोरं खेळण्यातली विजेची ट्राम फिरवत होती, तेव्हा मुंबईच्या खऱ्या ट्रामपुढे अजून घोडे होते.

तिसरा रूळ

1906 मध्ये कॉवेनने रुळांचं माप बदलून 54 मिलिमीटर केलं. हे माप बाजारातल्या दुसऱ्या कोणाशी जुळत नव्हतं. मग या गड्याने काय करावं? आपल्याच मापाला स्टँडर्ड गेज असं नाव देऊन टाकलं! म्हणजे बाकीच्यांचं आपोआप बिगर-स्टँडर्ड. मार्केटिंगचे विद्यार्थी असाल तर हे वहीत लिहून ठेवा. पुढे प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही त्याच मापाच्या गाड्या काढाव्या लागल्या.

याच रुळांत मधोमध एक तिसरा रूळ होता. छंदिष्टांमध्ये या तिसऱ्या रुळावरून आजही वाद झडतात, म्हणून तो समजून घेऊ. मोटरला विजेचे दोन मार्ग लागतात, एक येण्याचा आणि एक जाण्याचा. दोनच रूळ असतील तर एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. आता रूळ वळवून गाडी परत त्याच मार्गावर आणली, की डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. कॉवेनच्या रचनेत वीज मधल्या रुळातून येते आणि बाहेरच्या दोन्हींतून परत जाते. त्यामुळे बाहेरचे रूळ कसेही भिडले तरी बिघडत नाही. आठ-दहा वर्षांचं पोर जमिनीवर बसून मनाला येईल तसं जाळं मांडू शकतं. गाडी खरी दिसावी यापेक्षा पोराला ती जोडता यावी, हे त्याने निवडलं. खऱ्या रेल्वेला असा मधला रूळ कुठे असतो, ही मोठ्या छंदिष्टांची तक्रार त्याने आयुष्यभर ऐकली. रूळ काही काढला नाही.

1915 मध्ये त्याने 32 मिलिमीटरचं ओ गेज आणलं. घरं लहान होत होती, गाड्याही लहान झाल्या.

हिरो बदलला

सुरुवातीच्या वर्षांत लायनेलने बऱ्याच ट्राम काढल्या. मग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या कॅटलॉगमधून दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी आल्या लांब पल्ल्याच्या गाड्या, बडी इंजिनं, आलिशान डबे.

याचं कारण धंद्याचं आहे आणि ते आजही तसंच आहे. खेळण्यातली गाडी बनवायची तर आधी तिचे साचे बनवावे लागतात. खरा खर्च तिथे होतो. तो भरून निघायला गाडी हजारोंच्या संख्येने खपावी लागते. मोठ्या रेल्वे कंपनीचं नामांकित इंजिन सगळ्या देशाला माहीत, ते कुठेही खपतं. ट्राम मात्र ज्या त्या शहराची. ब्रुकलिनच्या माणसाला ब्रुकलिनची हवी, शिकागोच्या माणसाला शिकागोची. एका शहरातल्या हौशी लोकांसाठी साचा बनवणं परवडत नाही. म्हणून 1936 पासून अमेरिकेच्या अनेक शहरांत पीसीसी नावाची एकाच धाटणीची ट्राम धावू लागली, तेव्हा पुढे तिची मॉडेल्स बऱ्यापैकी निघाली. एक साचा आणि रंग बदलला की दुसरं शहर! बाकीच्या ट्रामसाठी छंदिष्टांना पितळी पत्रा, कात्री आणि सोल्डरिंगची इस्त्री यांवरच भिस्त ठेवावी लागली.

दुसरं कारण स्वप्नाचं. कॉवेन नुसती गाडी विकत नव्हता. त्याच्या जाहिरातींत बाप आणि मुलगा शेजारी शेजारी जमिनीवर बसलेले असत. मुलाला गाडी घेऊन द्या, तो तुमच्या जवळ येईल, हा त्यांचा सूर. खोक्यांवर जो हसरा मुलगा झळकायचा तो त्याचाच मुलगा लॉरेन्स. बापाला रोज ज्या ट्राममध्ये लटकून जावं लागतं, ती घरी कशाला आणेल? त्याला दूर जाणारी गाडी हवी. असा हिशेब असावा, आणि बरीच वर्षं तो बरोबर ठरला.

मिकी, युद्ध आणि पुठ्ठ्याची गाडी

1928 मध्ये आइव्ह्ज ही त्याची जुनी प्रतिस्पर्धी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लायनेलने ती ताब्यात घ्यायला सुरुवात केली. लगेच वर्षभरात महामंदी आली. ज्यांची नोकरी गेली त्यांनी पोरांना आगगाडी कुठून घ्यायची? 1934 मध्ये लायनेलही कर्जात बुडाली आणि कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या हाती कारभार गेला.

त्या वर्षी कंपनीने एक छोटीशी हातगाडी काढली. वर मिकी आणि मिनी माऊस, दोघं दांडा वरखाली करत फिरतात. किंमत एक डॉलर. अडीच लाखांवर नग खपले. मिकी माऊसने लायनेलला वाचवलं, ही गोष्ट अमेरिकेत फार लाडकी आहे. पण एक डॉलरच्या खेळण्यात असा नफा कितीसा सुटणार? त्याच वर्षी निघालेल्या युनियन पॅसिफिकच्या नव्या, गुळगुळीत अंगाच्या गाडीच्या मॉडेलचाही त्यात मोठा हात होता. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनी कर्जाच्या फेऱ्यातून सुटली.

1937 मध्ये त्याने मोठ्या छंदिष्टांचंही ऐकलं. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या हडसन इंजिनाचं हुबेहूब, प्रमाणात बनवलेलं मॉडेल काढलं. किंमत 75 डॉलर, त्या काळात चैनच. पण लायनेलला मनात आणलं तर अस्सल गाडी बनवता येते, हे त्याने दाखवून दिलं.

दुसऱ्या महायुद्धात 1942 मध्ये खेळणी बंद झाली, कारखान्यात नौदलासाठी होकायंत्रं बनू लागली. पोरं नाव विसरू नयेत म्हणून 1943 मध्ये चक्क पुठ्ठ्याची गाडी विकायला काढली. कापा, दुमडा, जोडा. ती जोडताना कित्येक बापांनी हात टेकले म्हणतात.

युद्ध संपलं आणि लायनेलचे सोन्याचे दिवस आले. इंजिनातून धूर निघू लागला, दुधाच्या डब्यातून छोटा माणूस कॅन बाहेर ढकलू लागला. 1953 मध्ये विक्री तीन कोटी डॉलरच्या पुढे गेली. कॉवेन तेव्हा 76 वर्षांचा होता.

ट्राम परत आली, आणि गुलाबी गाडी

1955 मध्ये लायनेलच्या कॅटलॉगमध्ये ट्राम परतली. पिवळी, छोटी, एकच डबा. रुळाच्या टोकाला अडथळ्यावर आपटली की आपोआप उलटी धावायची. पण यावेळी तिच्यावर खऱ्या शहराचं नाव नव्हतं. लायनेलविल, म्हणजे कंपनीच्या कल्पनेतलं गाव. सिटी हॉल पार्कपासून लायनेलविलपर्यंत आलेल्या या ट्रामकडे बघितलं की जाणवतं, मधल्या काळात कॉवेनच्या खेळण्यातून खरं शहर निघून गेलं होतं.

खऱ्या ट्रामही निघून चालल्या होत्या. न्यूयॉर्कची शेवटची ट्राम 1957 मध्ये बंद झाली.

त्याच 1957 मध्ये लायनेलने आपली सगळ्यात गाजलेली चूक केली. मुलींनी गाड्या घ्याव्यात म्हणून मुलींसाठी खास गाडी काढली. गुलाबी इंजिन, फिक्या निळ्या, पिवळ्या, जांभळ्या रंगांचे डबे, किंमत जवळजवळ 50 डॉलर. ती सपशेल पडली. का? ज्या मुलींना आगगाडी हवी होती, त्यांना खरी दिसणारी आगगाडी हवी होती. गुलाबी इंजिन त्यांनी बाहेर कधी पाहिलंच नव्हतं! दुकानदारांनी पडून राहिलेल्या गाड्या परत केल्या, काहींवर काळा रंग मारून विकल्या गेल्याचंही सांगतात. आज तीच गाडी मूळ रंगात सापडली तर संग्राहक भरपूर पैसे मोजतात.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझी डिंकाने चिकटवलेली पट्टी आठवली. मला रंग कुठे हवा होता? मला माझी गाडी हवी होती.

तोवर जगही बदललं होतं. पोरं टीव्हीसमोर बसू लागली, आईबाप विमानाने आणि मोटारीने फिरू लागले. मोठे छंदिष्ट लहान आकाराच्या, दोन रुळांच्या, जास्त खऱ्या दिसणाऱ्या एचओ गाड्यांकडे वळले होते. लायनेल तिथे उशिरा पोहोचली. 1959 मध्ये कॉवेनने आपले शेअर विकले. घेणाऱ्या गटाचा म्होरक्या त्याच्याच नात्यातला, भावंडाचा नातू लागणारा रॉय कोहन होता, अमेरिकेच्या राजकारणात गाजलेला वकील. खोक्यावरच्या हसऱ्या मुलाच्या हाती कंपनी राहिली नाही. 8 सप्टेंबर 1965 रोजी फ्लोरिडात कॉवेन गेला. वय 88. मूळ कंपनीने 1969 मध्ये गाड्या बनवणं थांबवलं आणि नाव दुसऱ्यांना वापरायला दिलं. ते नाव आजही चालू आहे, आणि पुढे त्याच नावाने न्यूयॉर्कच्या सबवेचे डबेही निघाले. म्हणजे शहर शेवटी परतलं, फक्त कॉवेन ते बघायला नव्हता.

तुमची यादी काय?

मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली, कॉवेन जाण्याच्या साधारण दीड वर्ष आधी. आपली पहिली विजेवरची रेल्वे 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, म्हणजे तिला शंभर वर्षं होऊन गेली. वडाळ्याच्या आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात ट्रामच्या आठवणी जपल्या आहेत. पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. मॉडेल रेल्वे हा पोरखेळ नाही हे तिथे पाच मिनिटांत पटतं. पण खेळण्यांच्या दुकानात जाऊन डोंबिवली लोकल मागून बघा. काय हातात ठेवतात, ते मला कळवा!

कॉवेनच्या आयुष्यात दोनदा लोकांनी त्याला नेमकं काय हवंय ते दाखवलं. पहिल्यांदा तो काचेबाहेरच्या गर्दीकडे बघत होता, म्हणून त्याला दिसलं. दुसऱ्यांदा त्याची कंपनी मुलींना काय आवडत असेल याचा अंदाज बांधत बसली, दुकानात येणाऱ्या मुलीला विचारायचं राहून गेलं. माणूस तोच, ब्रँड तोच.

आता साच्याचा खर्च हे कारणही पूर्वीइतकं पक्कं राहिलेलं नाही. जगभरचे छंदिष्ट आपल्या शहराच्या ट्रामचा सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापतात आणि तयार मोटरच्या चाकांवर बसवतात. तसा प्रिंटर तुमच्यापैकी अनेकांच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट सबमिशनची वाट बघत धूळ खात पडला असेल. मापं घ्यायला खरी लोकल दर चार मिनिटांनी समोरून जातेच आहे.

तुमच्यापैकी कोणी बनवलीत, तर पहिली मला द्या. पट्टी मी घरून आणीन, फक्त या वेळी डिंक जरा बरा वापरू.